नीटचा अर्ज, बारावीचे गुण आणि दाखल्यांची फाईल : वाचकांचे प्रश्न

निकालाचे दिवस जवळ आले की खान्देशात गावोगावी एकच वाक्य ऐकू येतं : 'मन्ही पोर डॉक्टर व्हवाले जोयजे.' त्यापुढचे प्रश्न पत्रांतून आमच्याकडे येतात. सारखे प्रश्न एकत्र करून आणि नावं वगळून काही पत्रं इथे घेतली आहेत. बरीचशी पत्रं परीक्षेच्या अभ्यासाबद्दल नाहीतच, कागदांबद्दल आहेत. तेही बरोबरच आहे. गुण तुमचा रांगेतला नंबर ठरवतात, पण कोणत्या रांगेत उभं राहायचं ते कागद ठरवतात.

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. दहावीला ९४ टक्के होते. क्लासचे सर म्हणतात, बारावीकडे बघू नका, फक्त नीट करा. शेजारचे म्हणतात, बारावीला नव्वदच्या खाली आली तर सरकारी कॉलेज विसरा. खरं कोणाचं? (केळी उत्पादक, ता. यावल)

दोघांचंही अर्धंच खरं आहे. एमबीबीएसची गुणवत्ता यादी निव्वळ नीटच्या, म्हणजे देशभरातल्या एकाच वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, गुणांवर लागते. बारावीचा एक टक्काही त्यात मिळवत नाहीत, दहावीचे ९४ तर कुठेच येत नाहीत. बारावीला ५५ टक्के आणि नीटला ६०० असलेला मुलगा, बारावीला ९५ टक्के आणि नीटला ५९९ असलेल्या मुलीच्या पुढेच राहणार.

बारावीचं काम उंबरठ्यापुरतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांची बेरीज करायची : खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४० टक्के, खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५ टक्के. आपल्या बोर्डात प्रत्येक विषय शंभराचा, म्हणजे ३०० पैकी अनुक्रमे १५०, १२० आणि १३५. शिवाय तिन्ही विषयांत स्वतंत्रपणे पास हवं आणि इंग्रजीतही पास हवं. गणित, भूगोल, मराठी यांचे गुण या बेरजेत धरत नाहीत. मार्कशीटवरची एकूण टक्केवारी बघून निर्धास्त झालेले पालक फसतात ते इथेच.

आता नीटचं गणित. २०२५ पासून पेपर पुन्हा १८० प्रश्नांचा झाला आहे आणि वेळही १८० मिनिटं. करोनानंतर आलेला पर्यायी प्रश्नांचा 'बी' विभाग गेला. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १, एकूण ७२०. निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत, आणि दोघांचे गुण सारखे आले तर पुढे कोण, हेही आधी जीवशास्त्रच ठरवतं. समजा दोन मुलींना ५४८ आहेत. एकीचे जीवशास्त्रात ३१०, दुसरीचे २९८, तर पहिली पुढे. तिथेही बरोबरी झाली तर रसायन, मग भौतिक, मग कोणाची चुकीची उत्तरं प्रमाणात कमी आहेत ते. मधल्या पट्ट्यात एकेका गुणावर शेकडो मुलं असतात, त्यामुळे ही क्रमवारी कागदापुरती राहत नाही, कॉलेज बदलून टाकते. बारावीचे गुण या क्रमवारीतही कुठेच नाहीत.

मग सरांचं म्हणणं अर्धंच का? कारण 'बारावीकडे बघू नका' याचा अर्थ मुलं 'प्रॅक्टिकलला जाऊ नका' असा घेतात. विषयाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, जर्नल पूर्ण हवं, हजेरी हवी. हे हातचे गुण सोडले की १५० चा उंबरठाही अडखळायला लावतो. आणि मेडिकल नाहीच झालं तर कृषी, फार्मसी, नर्सिंग या वाटांना वेगळ्या सीईटी आहेत. तिथे बारावीचे गुण पुन्हा कामाला येतात.

एक अभ्यासाची गोष्ट, पत्रात विचारलेली नसली तरी : आपल्या बोर्डाचं जीवशास्त्राचं पुस्तक आणि केंद्राच्या एनसीईआरटीचं पुस्तक यांत धड्यांची मांडणी आणि शब्द वेगळे आहेत. नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांच्या अंगाने येतात. दोन्ही पुस्तकं घरात हवीत.

प्रश्न : माझा भाऊ सुरतला असतो. मुलाची दहावी इथे अमळनेरला झाली. अकरावी-बारावी मामाकडे राहून सुरतच्या शाळेत करावी असा विचार आहे, तिथे क्लासही चांगले आहेत. पुढे मेडिकलला काही अडचण? (गृहिणी, अमळनेर)

मोठी अडचण आहे, आणि वेळेवर विचारलंत हे बरं झालं. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून पास हवी, आणि त्याबरोबर महाराष्ट्राचा अधिवास दाखला हवा. रेशनकार्ड अमळनेरचं, सातबारा अमळनेरचा, पण बारावी सुरतची, तर मुलगा राज्य कोट्यातून बाहेर. दहावी इकडची आणि अधिवासही इकडचा असल्याने गुजरातचा कोटाही दार उघडत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं होतं. उरतात त्या देशभरातल्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं. पहिल्या दोन्हींना रँक फार वरची लागते, तिसऱ्याला पैसा.

सेंधवा, बऱ्हाणपूरला नातेवाईक असलेल्यांनाही हेच लागू. बोर्ड कोणतं याला महत्त्व नाही, शाळा कुठे आहे याला आहे. जळगावची सीबीएसई शाळा चालते, सुरतची मराठी शाळा चालत नाही. केंद्र सरकारच्या किंवा सैन्यातल्या नोकरीमुळे बदली झालेल्यांच्या मुलांना सवलत आहे, मामाकडे राहणाऱ्याला नाही. लातूर, नाशिक, संभाजीनगर कुठेही पाठवा, कोटा शाबूत राहतो.

राजस्थानातल्या क्लाससाठी इथे नुसतं नाव घालून ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात हजेरी आणि प्रॅक्टिकल हे दोन्ही धोके आहेत. शाळेवर कारवाई झाली तर बारावीचा फॉर्मच अडकतो, आणि तोवर मुलगा शेकडो किलोमीटरवर असतो.

प्रश्न : नीटचा फॉर्म बारावीच्या निकालानंतर भरायचा ना? आणि आधारवर नाव 'सुनील राहुल पाटील'सारखं उलटंसुलटं आहे, त्याने काही बिघडतं का? (विद्यार्थी, चोपडा)

निकालानंतर थांबलात तर वर्ष गेलं. फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. २०२५ साली तो ७ फेब्रुवारीला सुरू होऊन ७ मार्चला बंद झाला, परीक्षा ४ मेला झाली, निकाल १४ जूनला लागला. नेमका तोच काळ प्रॅक्टिकलचा आणि बोर्डाच्या पेपरांचा. म्हणून फॉर्म पहिल्याच आठवड्यात उरकायचा. शेवटच्या दोन दिवसांत पैसे खात्यातून जातात आणि पावती निघत नाही. फी खुल्या गटाला १,७००, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) व ओबीसीला १,६००, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना १,००० रुपये होती. बारावीचे गुण फॉर्ममध्ये लागत नाहीत, 'परीक्षेला बसणार' असा पर्याय असतो. वय मात्र प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही.

नावाचं : नीटचा फॉर्म दहावीच्या मार्कशीटप्रमाणे भरायचा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, 'पाटील राहुल सुनील'. आधारवर कोणी 'राहुल सुनील पाटील' करतं, कोणी वडिलांचं नाव गाळतं, कुठे 'सुनील'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ई जास्त असतो. नुसता क्रम मागेपुढे असेल तर निभावतं. वडिलांचं नाव गायब, स्पेलिंग वेगळं किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर फॉर्म भरताना पडताळणीत अडतं, आणि पुढे दाखले तपासताना प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र मागतात. दहावीची मार्कशीट प्रमाण धरून आधार दुरुस्त करा, आणि हे दिवाळीच्या सुट्टीत करा. जानेवारीत आधार केंद्रावरच्या रांगेत तुमच्यासारखे सगळेच असतात.

फोटोंबद्दलही चुका होतात. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसलेले, पासपोर्ट आणि पोस्टकार्ड अशा दोन मापांचे. त्याच फोटोच्या दहा-बारा प्रती काढून ठेवा. प्रवेशपत्राला लागतात, पुढे कॉलेजातही लागतात.

प्रश्न : आम्ही पावरा, अनुसूचित जमातीतले. मुलाकडे जातीचा दाखला आहे. नीटचा निकाल लागला की व्हॅलिडिटी काढू, असं गावातले सांगतात. एवढ्यात होते का? (प्राथमिक शिक्षक, ता. शहादा)

सर, गावातल्यांचं ऐकू नका. दाखला देणारं कार्यालय वेगळं आणि तो तपासणारी समिती वेगळी. राज्य कोट्यातल्या राखीव जागेवर दाखला नव्हे, वैधता प्रमाणपत्र चालतं. ते वेळेवर नसेल तर मुलाला खुल्या गटात धरतात. नंतर आणून दाखवण्याची सवलत कधी मिळते, कधी नाही, आणि मिळाली तरी ठरावीक गटांना. तिच्यावर मुलाचं वर्ष टाकू नये.

अर्ज अकरावीतच करायचा. जमातीखेरीज इतर गटांत विद्यार्थ्याचा अर्ज नमुना १६ मध्ये, सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं १५-अ पत्र. जमातीच्या अर्जाचा नमुना वेगळा. अनुसूचित जाती, ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी जिल्हा जात पडताळणी समिती आहे. जमातीसाठी मात्र आदिवासी विकास विभागाची वेगळी तपासणी समिती. चुकीच्या समितीकडे अर्ज टाकून तीन महिने वाट पाहणारेही असतात.

पुरावा किती जुना? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची, वडिलांकडच्या रक्तनात्यातली, जात स्पष्ट लिहिलेली नोंद सोन्यासारखी. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा धरू नका. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने घ्या, कारण समितीचं दक्षता पथक रजिस्टरच बघायला जातं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची जन्म-मृत्यूची नक्कल, जुने महसुली उतारे. त्यावर प्रतिज्ञापत्रासह वंशावळ. वंशावळीत ज्यांची कागदपत्रं जोडली आहेत ते प्रत्येक नाव दिसलं पाहिजे, नाहीतर चुलत आजोबांचा अस्सल १९४० सालचा उतारा असूनही नातं सिद्ध होत नाही आणि तो वाया जातो. वडील, सख्खे काका, आत्या यांपैकी कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर लावा.

बिघडतं कुठे ते सांगतो. जुन्या मास्तरांनी रजिस्टरमध्ये जात कानाला ऐकू आली तशी लिहिली. पावऱ्यांच्या घरात एका भावापुढे 'पावरा' आणि दुसऱ्यापुढे 'भिल्ल' असं लिहिलेलं निघू शकतं. टोकरे कोळ्यांच्या बाबतीत आजोबांपुढे नुसतं 'कोळी' असतं, आणि त्याच एका शब्दावर प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. असा विरोधी कागद घरात असेल तर लपवू नका. पथकाला तो सापडतोच, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो. तो स्वतःच जोडून वेगळं निवेदन द्या. रजिस्टरमध्ये आता खाडाखोड करून 'दुरुस्ती' करून घेणं हा तर सरळ घात आहे, शाई ओळखू येते. समितीने दावा फेटाळला तर उच्च न्यायालयात जावं लागतं. धुळे, जळगाव, नंदुरबारसाठी ते औरंगाबाद खंडपीठ. प्रवेशफेऱ्या तुमच्या तारखेसाठी थांबत नाहीत. म्हणून म्हटलं, अकरावी.

प्रश्न : आम्ही ओबीसी. नॉन-क्रिमीलेयर एकच पुरतं का दोन लागतात? (पाचोरा)

दोन, आणि दोन्ही वेगळ्या नमुन्यांत. राज्याच्या फेरीला राज्याचा नमुना, अखिल भारतीय १५ टक्क्यांना केंद्राचा. दोन्हीकडे तारीख बघतात. राज्याच्या प्रमाणपत्राची मुदत प्रवेशवर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते, केंद्राचं चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं असावं. तेव्हा एप्रिल उजाडला की सेतू केंद्र. त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आधी लागतो, तो मार्चमध्येच मागून ठेवा. जात राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसेल, किंवा तिथे थोड्या वेगळ्या नावाने असेल, तर केंद्रात ओबीसीचा फायदा मिळत नाही. नीटच्या फॉर्ममध्ये गट निवडताना हेच लक्षात ठेवायचं, कारण अखिल भारतीय फेरीत तोच गट धरतात. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा गट आहे, केंद्राच्या फेरीत तो नाही. अशा कुटुंबांनी केंद्रासाठी ईडब्ल्यूएसची पात्रता तपासावी. बंजारा, वंजारी, धनगर राज्यात विमुक्त-भटक्यांच्या उपगटांत येतात, केंद्रात तसे उपगटच नाहीत.

प्रश्न : मुलाला बारावीला भौतिक ४१, रसायन ४८, जीवशास्त्र ५८ मिळाले. एकूण टक्केवारी ६१ आहे. खुल्या गटातला आहे. नीटला ४९०. आता? (किराणा दुकानदार, शिरपूर)

बेरीज १४७, म्हणजे ४९ टक्के. तीन गुणांनी खुल्या गटाचा उंबरठा चुकला. ४९ चे ५० कोणी करून देत नाही, ४९.९ चेही नाही. ६१ टक्क्यांना इथे अर्थ नाही.

वाटा दोन. पहिली, निकालानंतर लगेच उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. तीन गुण हे काही डोंगर नाही. एखादं उत्तर तपासायचं राहिलेलं किंवा बेरीज चुकलेली निघू शकते. विषयशिक्षकाला समोर बसवून प्रत्येक उपप्रश्न बघा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. छायाप्रत मिळाल्यावर त्यासाठी मोजके पाचच कामाचे दिवस असतात. दुसरी वाट, जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत श्रेणीसुधारसाठी बसणं. मुलगा पास आहे, त्यामुळे त्याला ही संधी आहे, आणि गुण कमी पडले तर जुनी मार्कशीट शाबूत राहते. तिन्ही विषय घेण्याची गरज नाही. ४१ असलेल्या भौतिकशास्त्रात वाढायला जागा सर्वांत जास्त आहे, त्याच एका विषयावर जोर द्यावा. दोन्ही अर्ज एकाच वेळी टाका, एकाच्या निकालाची वाट बघत दुसऱ्याची तारीख घालवू नका. सुधारित मार्कशीट राज्याच्या फेरीत कागद तपासणीच्या दिवशी हातात हवी.

हाच मुलगा ओबीसी असता तर १२० च्या वर असल्याने प्रश्नच आला नसता.

याच्याशी जोडून आलेलं एक पत्र : बारावीला जीवशास्त्र न घेता गणित घेतलं होतं, आता मेडिकलला यायचं आहे. नोव्हेंबर २०२३ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून नंतर पास होण्याला परवानगी दिली आहे. मान्यताप्राप्त बोर्डातूनच व्हायला हवं.

प्रश्न : २०२५ च्या नीटला ५०५ आले. वर्ष थांबून पुन्हा द्यावी का? गॅप पडला तर कॉलेज विचारतं का? २०२४ च्या कट-ऑफप्रमाणे तर ५०५ ला काहीच नव्हतं. (विद्यार्थिनी, नंदुरबार)

आधी शेवटचं. २०२४ चा कट-ऑफ २०२५ च्या गुणांना लावायचाच नाही. २०२४ ला पेपर सोपा गेला, खुल्या गटाची पात्रताच १६२ गुणांवर गेली होती आणि वर ७२० पैकी ७२० वाले होते. २०२५ ला भौतिकशास्त्राने सगळ्यांना रडवलं. देशात पहिला आलेला ६८६ वर, पात्रता १४४ वर, राखीव गटांची ११३ वर. २०२४ मध्ये सहाशेच्या वर ऐंशी हजारांच्या आसपास मुलं होती, २०२५ मध्ये सहाशे ओलांडणारे देशभरात दीड हजारही नव्हते. म्हणून गुण बाजूला ठेवा, रँक घ्या. मागच्या वर्षाच्या राज्य फेरीच्या याद्यांत आपल्या गटाची, आपल्या रँकच्या आसपासची नावं शोधा आणि त्यांना शेवटच्या फेरीपर्यंत काय मिळालं ते बघा. पहिल्या फेरीची यादी बघून खचू नका, फेऱ्यांगणिक ती खाली येते.

गॅप : कॉलेज विचारत नाही, मुलाखत नाही, गुण वजा होत नाहीत. एक साधं गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. कितीदा बसावं यावर बंधन नाही. भारतातल्या प्रवेशासाठी नीटचा निकाल मात्र त्याच वर्षापुरता, जुने ५०५ पुढच्या वर्षी चालत नाहीत.

थांबायचं की नाही, याला आमचं उत्तर असं : फेऱ्या पूर्ण होईपर्यंत ठरवू नका. आणि थांबलात तर जीवशास्त्राचे गुण आधी बघा. २९० च्या खाली असतील तर एका वर्षात वाढायला जागा आहे, कारण तिथे पाठांतर आणि उजळणी फळते. जीवशास्त्र ३३० असून भौतिक ७० असेल तर नुसता क्लास बदलून काही होत नाही, अकरावीच्या गणितापासून सुरुवात करावी लागते. पहिल्याच वर्षी बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) मिळत असेल तर ते घेऊन बाजूने नीट देणारे बरेच असतात. मात्र सोडायची वेळ आली तर त्या जागेची फी आणि मूळ कागद परत मिळवण्यात जून-जुलै जातो, हे धरूनच ते करावं.

प्रश्न : राज्याच्या फेरीत पसंतीक्रम कसा भरावा? घराजवळचं धुळ्याचं सरकारी आधी टाकावं की मुंबईची टाकून जागा घालवण्याचा धोका घ्यावा? (पालक, साक्री)

धोका कसलाच नाही. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या क्रमांकाला जिथे पहिली जागा रिकामी दिसते तिथे थांबतो. वर मुंबईची दहा कॉलेजं टाकली आणि एकही मिळालं नाही, तरी अकराव्या ओळीवरच्या धुळ्याचा तुमचा हक्क तेवढाच राहतो. उलटं केलं, धुळे पहिलं आणि पुणे दुसरं टाकलं, तर पुणे मिळण्याजोगी रँक असूनही धुळ्यालाच थांबवेल. म्हणून यादी आवडीच्या क्रमाने भरायची, शक्यतेच्या नव्हे. एकच नियम : ज्या कॉलेजात खरोखर जाणार नाही ते टाकूच नका.

घराजवळ शिकायचं असेल तर खान्देशात धुळ्याचं भाऊसाहेब हिरे, जळगावचं आणि नंदुरबारचं अशी तीन शासकीय कॉलेजं आहेत; धुळे आणि जळगावात खासगीही आहेत. विभागवार ७०:३० चं सूत्र २०२० मध्येच रद्द झालं. आता विदर्भ-मराठवाड्यातली मुलं धुळ्याला आणि आपली नागपूरला त्याच गुणवत्ता यादीतून जातात. जुने पालक अजून 'आपल्या विभागाचा कोटा' धरून हिशेब करतात.

अखिल भारतीय फेरीबद्दल : नोंदणी खुल्या गटाला १,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट १०,००० रुपये, राखीव गटांना अनुक्रमे ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांचा पर्याय चुकून टिकला की डिपॉझिट २ लाख होतं. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता सुटता येतं. दुसऱ्या फेरीत मिळालेल्या जागेवर गेला नाहीत तर डिपॉझिट जातं. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की राजीनामा नाही, राज्याच्या फेरीचा रस्ताही बंद. राज्यात चांगली जागा मिळण्याची आशा असलेल्याने केंद्राच्या तिसऱ्या फेरीत दूरचं कॉलेज 'बघू तरी' म्हणून टाकू नये.

जागा लागल्यावर हजर व्हायला मोजके दिवस असतात आणि त्यात हमखास शनिवार-रविवार येतो. साक्रीहून नागपूरला निघण्याआधी मूळ कागदांचे दोन संच स्कॅन करून ठेवा, कारण मूळ कागद कॉलेज जमा करून घेतं. फीचा डीडी कोणाच्या नावाने हे कॉलेजच्या सूचनेतून अक्षर अन् अक्षर उतरवून घ्या.

प्रश्न : मुलींची फी माफ आहे असं ऐकलं. खासगी कॉलेजलाही? (एरंडोल)

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, खासगीतही. अट एवढी की प्रवेश शासनाच्या प्रवेशफेरीतून हवा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला आणि अभिमत विद्यापीठाला ती नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना त्यांच्या वेगळ्या योजना आहेत. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो, एकदा करून सुटका नाही. वसतिगृह, खानावळ, अनामत हे माफीत धरू नका.

सरकारी कॉलेजात शिकल्यावर एक वर्ष शासकीय सेवा द्यावी लागते, नाही दिली तर १० लाखांचा दंड. घरात हे आधी बोलून ठेवा.

प्रश्न : इथे नाही झालं तर परदेशी एमबीबीएस. एजंट म्हणतो, नीट नाही लागत. (भुसावळ)

लागते. नीटमध्ये पात्र नसलेल्याला परदेशातून आल्यावर इथे प्रॅक्टिस करता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत वर पूर्ण १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणे प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. परत आल्यावर ३०० प्रश्नांची परीक्षा, त्यात १५० पाहिजेत. एजंटकडे यांतल्या प्रत्येक अटीचं उत्तर विद्यापीठाच्या लेटरहेडवर मागा. तोंडी सांगेल तेवढ्यावर पैसे देऊ नका.